शिस्त लावायची तर सगळ्यांसमोर

माझ्या लग्नाला हरकत मीच घेतली, आणि तीही भर उपासनेत उभं राहून.

आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार पुकार होतो. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, या विवाहाला कुणाची हरकत आहे का. असेल तर आत्ताच सांगावी. कुणी कधी काही सांगत नाही. लोक तोवर गीतांची पुस्तकं मिटून पदर सावरायला लागलेले असतात. तिसऱ्या रविवारी माझं नाव वाचलं गेलं आणि मी उठून उभी राहिले.

"हरकत आहे," मी म्हणाले.

पाळकसाहेबांना वाटलं, मागून कुणीतरी बोललं. त्यांनी मान उंच करून पाहिलं. "कुणाची?"

"माझी."

"अगं, तू तर वधू आहेस."

"म्हणूनच सांगते. हे लग्न मी करणार नाही."

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. आमची मंडळी घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची. मंडळी म्हणजे आमचं चर्च. इमारत नव्हतीच, होती ती माणसं. बहुतेक नगर-सोलापूरकडून कामाधंद्यासाठी आलेली. पाळकसाहेब उपदेश करत तेव्हा त्यांच्यामागच्या फळ्यावर शनिवारचे अपूर्णांक तसेच असायचे. मी मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात नर्स होते. आई विधवा. नगर जिल्ह्यात गावोगाव चालत जाऊन तिने बायकांना शास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. लोक तिला बायबलबाई म्हणत. माझी नोकरी लागली तशी ती माझ्याबरोबर मुंबईला आली आणि आम्ही घाटकोपरला एका खोलीत राहायला लागलो.

ज्यांच्या घरी मी जाणार होते ते आमच्या मंडळीचे मुख्य पंच. रेल्वेत मोठे कारकून, कुर्ल्याला क्वार्टर्समध्ये राहायचे. शाळेचा हॉल त्यांच्याच ओळखीने मिळालेला. आवाज भारदस्त, प्रार्थना करायला लागले की बायका डोळे पुसायच्या. त्यांना दोन मुलगे. थोरल्याचं लग्न झालेलं, धाकट्याशी माझं ठरलेलं. धाकटा दिसायला चांगला होता, फोर्टात नोकरी करत होता, बोलायला गोड होता. त्याला नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. म्हणून हो म्हटलं होतं.

कारण मिळालं ते आदल्या दिवशी. साड्या दाखवायला म्हणून मला कुर्ल्याला बोलावलं होतं. थोरली सून, म्हणजे माझी होणारी जाऊ, स्वयंपाकघरात चहा करत होती. मी मदतीला गेले. चहाचं पातेलं तिने दोन्ही हातांनी उचललं आणि तरी ते हिंदकळलं. मी तिच्या हाताकडे पाहिलं. मनगट सुजून तिरकं झालेलं, दोन बोटं वळतच नव्हती.

"वहिनी, हे काय झालं?"

"दारात सापडलं."

"दारात सापडलं तर बोटं चेचतात. हे मनगट कुणीतरी पिरगळलंय."

तिने पदर हातावर ओढला आणि दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत रेडिओ लागला होता. "हळू बोल गं," ती म्हणाली. "आणि कुठं बोलू नकोस. तुझा शब्द दे मला."

मी शब्द दिला. मग विचारलं, "घरात कुणाला माहीत आहे?"

"माहीत नाही असा कोण आहे या दोन खोल्यांत?"

"सासरे?"

"ते प्रार्थना करतात."

"आणि हे?" मी बाहेर बसलेल्या धाकट्याबद्दल विचारलं.

"भाऊजी?" तिने चहा गाळायला घेतला. "ते रेडिओचा आवाज वाढवतात."

मला रात्रभर ते वाक्य पुरलं. सकाळी उपासनेआधी शाळेच्या आवारात मी त्याला गाठलं आणि एवढंच विचारलं, "वहिनींच्या हाताला काय झालंय?" तो हसला. म्हणाला, "घरातल्या गोष्टी आहेत. तू घरात आलीस की कळेल तुला." त्याला एक संधी द्यायची म्हणून विचारलं होतं. ती त्याने घालवली. म्हणून मी उभी राहिले.

त्या दिवशी घरी आल्यावर आईने हातपाय धुतले. पाट मांडला, ताट वाढलं, मग म्हणाली, "कारण आहे ना?"

"आहे."

"सांगण्यासारखं?"

"माझ्याकडून नाही."

"बरं," आई म्हणाली. "जेवून घे."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच थाळीतली भाकर घ्यायची. भाकरीची थाळी पंच स्वतः बाकांवरून फिरवायचे. बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर आम्ही मायलेकी बसलो होतो. थाळी माझ्यापर्यंत आली आणि माझ्यासमोरून पुढे आईसमोर गेली. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

आईने थाळीकडे पाहिलंच नाही. वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "आधी हिला."

ते थाळी घेऊन पुढच्या बाईकडे गेले. आईनेही त्या दिवशी भाकर घेतली नाही. पुढच्या बाईने घास घेतला, तो चावल्याचा आवाज मला ऐकू आला.

मला रडू आलं असं कुणाला वाटेल. नाही आलं. राग आला. घरी आल्यावर आईने दाराची कडी लावली आणि मग ती बोलली. "शास्त्रात शिस्तीचा क्रम घालून दिलाय. ज्याची चूक वाटते त्याला आधी एकट्याला गाठायचं. नाही ऐकलं तर दोघंतिघं घेऊन जायचं. तरी नाही ऐकलं तर मंडळीपुढे आणायचं. यातलं एक तरी झालं का तुझ्या बाबतीत?"

"नाही."

"मग ही शिस्त नव्हे. हा रुसवा आहे."

दुसऱ्याच दिवशी ड्युटी संपल्यावर मी पाळकसाहेबांकडे गेले. साधा माणूस. कुणाचं वाईट चिंतायचा नाही आणि कुणाला दुखवायचाही नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "मुली, पंचांचा अपमान झालाय. थोडे दिवस जाऊ देत. नाहीतर असं कर, अंधेरीला आपल्याच लोकांची नवी मंडळी निघालीय. तिथे नाव घाल. मी स्वतः शिफारस करतो."

"माझं नाव इथं आहे, पाळकसाहेब."

"देव तिथेही आहेच की."

"देव सगळीकडे आहे. पण मी शब्द इथल्या लोकांना दिलाय. माझी चूक झाली असेल तर मला शिस्त लावा. पण सगळ्यांसमोर लावा. आरोप काय तो मोठ्याने सांगा, माझं ऐका, मग मंडळीला हात वर करून ठरवू द्या. थाळी पुढे सरकवून माझा निकाल लावायचा नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "लोक शिस्त टाळायला बघतात. तू मागायला आलीस?"

"सभासद आहे म्हणून मागते. परकी असते तर मागितली नसती."

प्रसूतिगृहात माझ्याबरोबरच्या एका नर्सला हे सगळं कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगं, सोड ना! तुझ्याच हाताने स्वतःची वाट लावून घेतेस. त्या चर्चला जाऊ नकोस म्हणजे झालं. कोण विचारतंय?"

तिला मी तेव्हा नीट समजावू शकले नाही. कोण विचारतंय, याचाच तर प्रश्न होता. आम्ही मुंबईत आलो तेव्हा आमचं इथं कुणी नव्हतं. पहिल्या महिन्यात पाळकसाहेबांनी आम्हा दोघींना मंडळीपुढे उभं केलं. विचारलं, या मंडळीच्या नियमांत राहाल का, चुकलात तर ऐकून घ्याल का. आम्ही हो म्हणालो. मग त्यांनी सगळ्या लोकांना उभं राहायला सांगितलं आणि त्यांना विचारलं, या दोघींना आपल्या मानाल का, सांभाळाल का. तेही हो म्हणाले. शब्द दोन्हीकडून दिला होता. पुढे आईला टायफॉइड झाला तेव्हा याच बायका आळीपाळीने तिच्या उशाशी बसल्या आणि मी कामावर जाऊ शकले. हे सगळं एका माणसाने तोंड फिरवलं म्हणून मी सोडून द्यायचं? का म्हणून? मंडळी काही त्यांच्या बापाची नव्हती.

शेवटी सभा बोलावली. उपासना झाल्यावर कुणी घरी गेलं नाही. पंच उठले आणि भारदस्त आवाजात बोलले. ठरलेलं लग्न मोडलं, दिलेलं वचन मोडलं, मंडळीची शोभा केली, आणि कारण विचारलं तर तोंड उघडत नाही. धाकटा मुलगा पुरुषांच्या बाजूला नखं बघत बसला होता. थोरला त्याच्या शेजारी. वहिनी बायकांच्या मागच्या बाकावर होती, हात पदराखाली.

"कारण सांग," पाळकसाहेब मला म्हणाले.

"पुकार कशासाठी करतात?" मी विचारलं. "हरकत विचारायला. विचारायची तर ऐकायचीही तयारी हवी. मी वेळेत हरकत घेतली. लग्न लागल्यावर मोडलं असतं तर गोष्ट वेगळी."

"पण कारण?"

"कारण माझं एकटीचं नाही. म्हणून मी सांगणार नाही."

मागून एक जण म्हणाला, "दवाखान्यातल्या डॉक्टरशी जमलंय म्हणतात."

मी वळले. "कोण म्हणतं? ज्याने पाहिलं असेल त्याने उभं राहून सांगावं." कुणी उभं राहिलं नाही. "मग ते आता या हॉलमध्ये पुन्हा कुणी बोलायचं नाही."

हात वर झाले. सहा महिने प्रभुभोजनाला बंदी, आणि रविवारच्या शाळेत मी मुलांना शिकवायचे तो वर्ग काढून घ्यायचा. जास्त हात माझ्या विरुद्ध होते. सगळे नव्हते. वहिनीने कुठल्याच बाजूने हात वर केला नाही.

"मंडळीने ठरवलं, मी मानते," मी म्हणाले. "निकाल चुकीचा आहे असं माझं मत आहे. तेही सगळ्यांनी ऐकून ठेवा. आणि मी दर रविवारी येणार आहे."

गेलेच मी. रविवारची ड्युटी असली तर बदलून घेऊन गेले. तोवर दुसऱ्या बाकावर बसायचे, त्यानंतर पहिल्या बाकावर बसायला लागले. थाळी आली की हात मांडीवर ठेवून बसायचे, मान खाली घालायची नाही. पंचांना माझ्यासमोरून थाळी नेताना दर वेळी माझ्याकडे बघावं लागे. पहिल्या बाकावर सुरुवातीला माझ्याजवळ आईशिवाय कुणी बसत नव्हतं. मग एक सोलापूरकडची बाई बसायला लागली, मग तिची सून. त्यांनी मला काही विचारलं नाही. भाकर मात्र त्या घ्यायच्या, आणि आईही आता घ्यायची. मीच तिला सांगितलं होतं, निकाल माझ्यापुरता आहे.

सहा महिने संपायच्या आत एके दिवशी दुपारी वहिनी मुलुंडला आमच्या प्रसूतिगृहात आली. तिला दिवस गेले होते, नाव घालायला आली होती. तपासणी झाली, आणि मी तिला मागच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं. समोर तेव्हा भाताची खाचरं होती.

"तू अजून येतेस," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, दोन रविवार येशील आणि सोडशील."

"का सोडू?"

तिने पदराखालून हात काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तुझा शब्द मी परत करते. सांग तू सगळ्यांना."

"मी नाही सांगणार, वहिनी. तुमचा हात आहे, तुम्ही सांगा. तुम्हीही सभासद आहात."

"माझं कोण ऐकणार?"

"माझं ऐकलं. निकाल विरुद्ध दिला, पण सगळ्यांना बसून ऐकावं लागलं. शेजाऱ्यांनी ऐकलं असतं? पोलिसांनी ऐकलं असतं? नवरा-बायकोचं भांडण म्हणून परत पाठवलं असतं."

"आणि घराबाहेर काढलं तर?"

"आमची खोली आहे."

ती त्या दिवशी काही न ठरवता गेली. मी मागे लागले नाही. पण पुढच्या आठवड्यात ती आईकडे आली, आणि आईने सगळं क्रमाने केलं. आधी वहिनीने नवऱ्याला तोंडावर सांगितलं, की पुन्हा हात लावलास तर मी मंडळीत बोलेन. त्याने हात लावला. मग आई आणि पाळकीणबाई कुर्ल्याला गेल्या. पंचांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. "ही आमच्या घरातली गोष्ट आहे," म्हणाले. आई म्हणाली, "तुम्ही दर महिन्याला आमच्या हातात भाकर देता. त्या दिवसापासून तुमचं घर आमचंही झालं." त्यांनी दार दाखवलं.

मग पुन्हा सभा. वहिनी पुढच्या बाकाला धरून उभी राहिली. मी तिच्या शेजारी होते, पण आधार दिला नाही. तिने तसं आधीच सांगितलं होतं. तिने पदर बाजूला केला आणि हात पुढे धरला. "हे दारात सापडलेलं नाही," ती म्हणाली. एवढंच. खाली बसली.

थोरला ओरडला, "खोटं आहे!" पाळकसाहेब, ज्यांनी आयुष्यात कुणाला दुखवलं नव्हतं, ते त्याच्याकडे न बघता बापाकडे वळले. "पंच, तुम्हाला माहीत होतं?"

पंच उभे राहिले, गीतांचं पुस्तक बाकावर ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या जागी दुसरा पंच निवडा." पुन्हा खाली बसले. निघून गेले नाहीत, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं. धाकटा मात्र उठून गेला, आणि पुन्हा आमच्या मंडळीत दिसला नाही.

थोरल्याला भोजनाची बंदी झाली. शिवाय दोन वडीलधारी माणसं दर आठवड्याला त्यांच्या घरी जाणार, वहिनीशी वेगळं बोलणार, असं ठरलं. तो सुधारून देवमाणूस झाला असं मी म्हणणार नाही. त्यानंतरही एकदा त्याने हात उगारला, आणि दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्या खोलीत राहायला आली. बाळंतपण होऊन मूल चांगलं रांगायला लागेपर्यंत राहिली. तो दर रविवारी यायचा, मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसायचा. कशाला येत होता देव जाणे. बहुतेक, न येण्याचीही लाज वाटत असावी. खूप दिवसांनी तो सगळ्यांसमोर उभा राहून चुकलो म्हणाला, आणि वहिनी परत गेली. जाताना मला म्हणाली, "आता एकटी नाही जात मी." ती दोन माणसं त्यानंतरही त्या घरी जात राहिली.

माझ्या बंदीचं काय, तेही सांगते. सभा झाल्यावर दोन दिवसांनी पाळकसाहेब आमच्या खोलीवर आले. "आता काही अडचण नाही," म्हणाले. "पुढच्या भोजनाला हात पुढे कर. पंचमंडळाचं बोलणं झालंय."

"नाही चालणार," मी म्हणाले.

"आता काय?"

"लावली सगळ्यांसमोर, तर काढायचीही सगळ्यांसमोर."

आई चुलीपाशी बसून हसत होती. मी तिला क्वचितच हसताना पाहिलं होतं.

पुन्हा हात वर झाले. बंदी उठली, पण एकमताने नाही. एका म्हाताऱ्या बाईने विरुद्ध हात वर केला. म्हणाली, "कारण काहीही असो, पुकार सुरू होण्याआधी हिने चौकशी करायला हवी होती. वचन ते वचन." मला तिचं पटलं नाही, आजही पटत नाही. पण तिने ते माझ्या तोंडावर सांगितलं. सभा संपल्यावर ती माझ्याकडे आली, आमच्या मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे "सलाम, बाई" म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. अशा माणसांबरोबर मी आयुष्य काढू शकते.

आता माझ्या घरातली तरुण मुलं म्हणतात, विश्वास मनात असला की झालं, पटावर नाव कशाला हवं, आणि आमच्या चुका काढणारे लोक कोण? मी त्यांना म्हणते, मनातल्या विश्वासाला कुणी जाब विचारत नाही, म्हणून तर तो इतका सोपा असतो. वहिनीच्या सासऱ्यांच्याही मनात विश्वास होताच. त्यांच्या प्रार्थना ऐकून बायका रडायच्या.

ते पुढे दोन-तीन वर्षांनी अंथरुणाला खिळले. वहिनीच्या पदरात तोवर दुसरं मूल होतं आणि तिला रात्रंदिवस जागणं शक्य नव्हतं. मंडळीने आपसांत वार वाटून घेतले. गुरुवार मला आला. काही बायका म्हणाल्या, तू नाही गेलीस तरी चालेल, आम्ही बघू. मी म्हणाले, तुम्ही का बघायचं? माझं नाव काढलंय का कुणी?

मी गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पायांचा आवाज ऐकून वळले, मला पाहिलं आणि परत भिंतीकडे वळले.

"तू कशाला आलीस?" त्यांनी विचारलं.

"आज माझा नंबर आहे."

मी त्यांना माफ केलं होतं का, कुणास ठाऊक. त्यांनी मला केलं नव्हतं हे नक्की. मी खुर्ची ओढून बसले. वहिनी आत मुलांना झोपवत होती. थोड्या वेळाने त्यांनी भिंतीकडे बघतच पाणी मागितलं. मी उठून दिलं, मानेखाली हात घालून पाजलं, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले.